रेल्वेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी: दारू, नशेची औषधे आणि आठ तासांचा हिशेब

रेल्वे भरती मंडळाची परीक्षा उत्तीर्ण होऊन भुसावळ, जळगाव किंवा नंदुरबारला रुजू होणाऱ्या मुलांना प्रशिक्षणात सिग्नल शिकवतात, ब्रेक शिकवतात आणि दारूविषयीचा नियमही वाचून दाखवतात. तो नियम दोन वाक्यांचा आहे आणि ऐकताना सोपा वाटतो. मी सहायक लोको पायलट, म्हणजे इंजिनचालकाचा मदतनीस, म्हणून लागलो तेव्हा मलाही तो सोपाच वाटला होता. पुढे एकदा श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्राने माझ्याच नावापुढे आकडा दाखवला. त्यानंतर डिफेन्स हेल्पर, म्हणजे खात्याच्या चौकशीत कर्मचाऱ्याची बाजू मांडणारा सहकारी, म्हणून मी सहकाऱ्यांच्या चौकशांना बसू लागलो, तेव्हा लक्षात आले की ज्यांच्या नोकऱ्या धोक्यात आल्या होत्या त्यांतले बरेच जण ड्युटीवर प्यायलेलेच नव्हते. त्यांनी आदल्या रात्रीचा हिशेब चुकीचा केला होता. हा लेख मुख्यतः त्या हिशेबाविषयी आहे. दारू चांगली की वाईट, हा वाद येथे नाही.

लेख लोको पायलट आणि सहायक लोको पायलट यांना समोर ठेवून लिहिला असला, तरी ट्रेन मॅनेजर (२०२२ पर्यंत यांना गार्ड म्हणत), स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, गेटमन आणि रुळांवर काम करणारे ट्रॅकमन यांनाही त्यातला बहुतेक भाग लागू पडतो.

१. नियम कोठे लिहिला आहे ते स्वतः वाचा

लॉबीतल्या (ड्युटीची हजेरी देतो त्या कचेरीतल्या) भिंतीवरचा कागद किंवा सीनियरने सांगितलेली गोष्ट म्हणजे नियम नव्हे. नियम वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेला आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा परिणाम वेगळा आहे.

पहिली जागा म्हणजे १९७६ चे सामान्य नियम, ज्यांना आपण जीआर म्हणतो, त्यांतला नियम २.०९. त्याचे दोन भाग आहेत आणि घोटाळा येथूनच सुरू होतो. पहिल्या भागानुसार कोणताही रेल्वे कर्मचारी, त्याचा गाडी चालवण्याशी संबंध असो वा नसो, ड्युटीवर नशेत असता कामा नये. तसेच दारू, गुंगीचे औषध, अमली पदार्थ किंवा उत्तेजक घेतल्यामुळे त्याची काम करण्याची क्षमता कमी झालेली असता कामा नये. दुसऱ्या भागानुसार गाड्यांच्या चालनाशी थेट संबंध असलेल्या कर्मचाऱ्याने ड्युटी सुरू होण्यापूर्वीच्या आठ तासांत आणि ड्युटीवर असताना यांपैकी काहीही घ्यायचे नाही. हे दोन्ही भाग एकाच वेळी लागू असतात. दुसरा भाग पाळला म्हणून पहिल्यातून सुटका होत नाही.

दुसरी जागा म्हणजे रेल्वे सेवा (आचरण) नियम, १९६६, यांतला नियम २२. यात आठ तासांची अट पुन्हा आली आहेच, शिवाय ड्युटीबाहेरच्या वागण्यावरही बंधने आहेत: सार्वजनिक ठिकाणी पिऊ नये, नशेत सार्वजनिक ठिकाणी वावरू नये, प्रमाणाबाहेर पिऊ नये, आणि ज्या प्रदेशात तुम्ही असाल तेथला दारूविषयीचा कायदा पाळावा. ही शेवटची अट ताप्ती लाइनवर (जळगाव-नंदुरबार-सुरत मार्ग) काम करणाऱ्यांनी दोनदा वाचावी. नवापूरच्या स्टेशनातून महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा जाते आणि फलाटावरचे एक बाकही अर्धे इकडे, अर्धे तिकडे आहे. प्रवासी त्यावर बसून हौसेने फोटो काढतात. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्या सीमेपलीकडे दारूबंदीचा कायदा आहे, आणि नंदुरबारला बॅगेत ठेवलेली बाटली उधना किंवा सुरतच्या रनिंग रूममध्ये (बाहेरगावच्या विश्रांतीच्या खोलीत) निघाली तर तो रेल्वेच्या शिस्तीपुरता विषय राहत नाही, पोलिसांचाही होतो. आपल्या बाजूलाही १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, आणि पिण्यासाठी परवाना लागतो हे आपल्यापैकी अनेकांना माहीतच नसते.

तिसरी जागा म्हणजे रेल्वे अधिनियम, १९८९. कलम १७२ प्रमाणे ड्युटीवर नशेत आढळलेल्या कर्मचाऱ्याला ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या अवस्थेत काम केल्याने कोणाच्या सुरक्षिततेला धोका पोहोचण्याची शक्यता असेल, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची रक्कम वाचून हसू नका. खरी शिक्षा खात्याच्या चौकशीतून येते, आणि तिच्याकडे पुढे येतोच.

मोटार चालवणाऱ्यांसाठी रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा मोटार वाहन कायद्यात आहे. ती रस्त्यासाठी आहे. ‘तीसपर्यंत चालते’ असे कोणी सांगितले तर तो दुचाकीचा नियम इंजिनाला लावतो आहे, एवढे ओळखा.

२. आठ तास घड्याळाचे नसून शरीराचे मोजा

प्यायलेली दारू रक्तातून उतरण्याचा वेग जवळपास ठरलेला असतो. सर्वसाधारण प्रौढ माणसात तो ताशी सुमारे १५ मिलिग्रॅम प्रति १०० मिलिलिटर इतका धरतात. काहींचा १०, काहींचा २० असतो. यकृत आपल्या गतीने काम करते. थंड पाण्याने आंघोळ, कडक चहा, लिंबूपाणी, ताक, झोप किंवा उलटी यांनी हा वेग वाढत नाही. चहाने झोप उडते, पण रक्तातला आकडा खाली येत नाही.

आता एक क्वार्टर घ्या. १८० मिलिलिटर, लेबलवर ४२.८ टक्के. त्यात शुद्ध मद्यार्क साधारण ७७ मिलिलिटर, म्हणजे वजनाने ६० ग्रॅमच्या आसपास. ६५ किलो वजनाच्या माणसाच्या रक्तात यामुळे सुमारे १३० ते १३५ मिलिग्रॅमपर्यंत पातळी जाऊ शकते. ताशी १५ ने भागा, उत्तर येते नऊ तास. ज्याचा वेग ताशी १२ आहे त्याला अकरा तास लागतील. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली याच माणसाला सहा तास पुरते, आणि दोन बाटल्या बारा तास. ‘बिअरच तर होती’ हे वाक्य मी चौकशीत इतक्या वेळा ऐकले आहे की आता समोरच्याने तोंड उघडण्याआधीच ते ओळखू येते.

समजा जामनेरला मित्राच्या हळदीला गेलात, क्वार्टर संपली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आणि सकाळी सात वाजता साइन ऑन, म्हणजे ड्युटीवर हजेरी, आहे. घड्याळाप्रमाणे आठ तास पूर्ण झाले, म्हणजे नियमाचा दुसरा भाग काठावर पाळला गेला. रक्तात मात्र अजून १०-१५ मिलिग्रॅम शिल्लक असू शकते. तुम्हाला अगदी ताजेतवाने वाटत असते, घरच्यांनाही वास येत नाही, आणि यंत्र आकडा दाखवते. अशा वेळी माणूस शपथेवर सांगतो की मी ड्युटीवर प्यायलो नाही, आणि तो खरेच बोलत असतो. परंतु चौकशीचा प्रश्न तो नसतोच.

म्हणून सवय अशी लावा की साइन ऑनच्या वेळेपासून उलटे मोजायचे, आणि आठ तास ही कमीत कमी मर्यादा धरायची. मी स्वतः चोवीस तास धरत असे. कोणी त्याला भित्रेपणा म्हणत, म्हणोत.

हे गणित लेबल असलेल्या बाटलीपुरतेच चालते. सातपुड्याच्या पायथ्याशी मिळणारी मोहाची किंवा हातभट्टीची दारू किती तीव्र आहे हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसते, त्यामुळे तिचा हिशेब मांडताच येत नाही. शिवाय अशा दारूत मिथेनॉलची भेसळ असली तर दृष्टी आणि जीव दोन्ही जातात. आखाजी (अक्षय्य तृतीया), होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार, सारंगखेड्याची यात्रा आणि लग्नसराई या दिवसांत आग्रह करणारे नातेवाईकच असतात. ‘एक घोट मा काय व्हस?’ असे प्रेमाने विचारणाऱ्या मामांना रक्तातले मिलिग्रॅम समजावत बसू नका. उद्या गाडी आहे, एवढे एकच कारण पुरे आहे आणि आपल्या भागात ते लोकांना कळते.

मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हात थंडगार बिअर ही तहानेवरचा उपाय वाटते. मद्यार्क शरीरातले पाणी लघवीवाटे बाहेर टाकतो. इंजिनाच्या तापलेल्या कॅबमध्ये चढण्यापूर्वी ही चूक दुहेरी महागात पडते.

३. रनिंग रूममध्ये हिशेबाला जागाच नाही

हेडक्वार्टरला, म्हणजे घरच्या स्टेशनवर, आठ तास किंवा त्याहून अधिक ड्युटी झाली असल्यास सोळा तासांची विश्रांती मिळते आणि त्याहून कमी ड्युटीला बारा तासांची. बाहेरगावी मात्र आठ तासांच्या ड्युटीनंतर आठच तास मिळतात, आणि ड्युटी पाच ते आठ तासांची असेल तर सहाच. समजा इगतपुरीला पहाटे सहाला साइन ऑफ केले. दुपारी दोनला तुम्ही पुन्हा ड्युटीवर जाऊ शकता. दोनपासून आठ तास मागे मोजा. सहाच वाजतात. म्हणजे बाहेरच्या विश्रांतीत एक घोटही नियमात बसत नाही, आणि सहा तासांच्या विश्रांतीत तर प्रश्नच येत नाही. खंडवा असो, बडनेरा असो, हाच हिशेब.

नव्या मुलांना येथे अडचण येते ती एकटेपणाची. रात्रभर मालगाडी हाकून आल्यावर दिवसा झोप लागत नाही, बाजूच्या खाटेवरचा सीनियर म्हणतो की थोडी घे, गाढ झोपशील. दारूने झोप लवकर येते हे खरे, पण ती तुटक असते आणि उत्तररात्रीची विश्रांती त्यामुळे बिघडते. त्या सीनियरला ‘नाही’ म्हणणे अवघड जाते, कारण उद्या तोच तुमचा लोको पायलट असतो. अशा वेळी पोटाचे औषध चालू आहे असे सांगून मोकळे झालेले सहकारी मी पाहिले आहेत, आणि त्यांना मी दोष देत नाही.

हेडक्वार्टरला असताना प्यायलात आणि अनपेक्षितपणे लवकरचा कॉल आला, तर काय करायचे? लॉबीत जाऊन नशीब आजमावू नका. ड्युटी लावणाऱ्या क्रू कंट्रोलरला फोनवरच सांगा की मी आठ तासांच्या आत घेतली आहे, मी या गाडीसाठी योग्य नाही. तुमच्या नावे कॉल नाकारल्याची नोंद होईल, बोलणी बसतील, कदाचित किरकोळ कारवाईही होईल. यंत्रात फुंकल्यानंतर तीच गोष्ट वेगळ्या फाइलीत जाते. खोटे आजारपण मात्र कळवू नका. रेल्वेच्या डॉक्टरांकडे सिक मेमो (आजारपणाची चिठ्ठी) घेऊन गेल्यावर तपासणीत वास आला तर दोन आरोप होतात.

४. औषधांची यादी आधी तपासा

माझा स्वतःचा प्रसंग येथला आहे. सर्दी-खोकल्याने बेजार होतो, खानदेशातल्याच एका लॉबीच्या दारात खोकल्याच्या औषधाचे दोन चमचे घेतले आणि लगेच आत जाऊन यंत्रात फुंकले. आकडा आला. वीस मिनिटांनी दुसऱ्यांदा फुंकले तेव्हा शून्य आले. परंतु पहिला आकडा संगणकात गेलेला होता, आणि तो केवळ तोंडातल्या औषधाचा होता हे कागदोपत्री सिद्ध करायला मला चार महिने अर्ज करावे लागले. फुंकण्यापूर्वी एक वाक्य बोललो असतो तर ते चार महिने वाचले असते.

तोंडातला मद्यार्क साधारण पंधरा-वीस मिनिटांत निघून जातो, रक्तातला तासांनी उतरतो. या फरकावर तुमचा बचाव उभा राहतो. पुढील गोष्टींत मद्यार्क असतो किंवा असू शकतो: खोकल्याची काही औषधे, माउथवॉश, होमिओपॅथीचे अर्क, आणि आयुर्वेदातली आसवे व अरिष्टे. द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट घरच्या औषधासारखे घेतले जाते, पण आंबवण्याच्या प्रक्रियेतच त्यात मद्यार्क तयार होतो. हाताला लावायचे सॅनिटायझर लावून लगेच यंत्र हातात घेऊ नका.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तिरुवनंतपुरम विभागात लोको पायलटांनी ड्युटीपूर्वी शहाळ्याचे पाणी, काही जातींची केळी, खोकल्याचे औषध वगैरे घेऊ नये असा आदेश निघाला होता आणि त्यावर बरीच टीका झाल्यावर तो मागे घेतला गेला. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ही बातमी वाचून आम्ही पुष्कळ हसलो. तरीही फुंकण्याच्या तोंडावर अतिपिकलेले फळ किंवा आंबलेला पदार्थ खाऊ नये आणि खाल्ले तर चूळ भरून थांबावे, इतकी काळजी घेण्यात काही बिघडत नाही.

यंत्राला न दिसणारी औषधे अधिक धोक्याची आहेत. ॲलर्जीच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके यांनी गुंगी येते, आणि नियम २.०९ मध्ये गुंगीची औषधे स्पष्टपणे आलेली आहेत. डॉक्टरांनी लिहून दिले होते, हा त्या नियमाचा अपवाद नाही. खासगी डॉक्टरकडे गेलात तर आपण गाडी चालवतो हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि चिठ्ठी रेल्वेच्या डॉक्टरांना दाखवून ते औषध घेऊन ड्युटी करता येईल का, हे विचारून घ्या.

५. गांजा, भांग आणि ‘यंत्रात येत नाही’ हा समज

श्वासाच्या यंत्रात फक्त मद्यार्क कळतो. त्यामुळे गांजा ओढणारा किंवा गोळ्या घेणारा स्वतःला सुरक्षित समजतो. रक्त आणि लघवीच्या तपासणीत गांजाचे अंश मिळतात. नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत ते कित्येक दिवस, कधी काही आठवडेही राहतात. गांजा बाळगणे आणि सेवन करणे हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. भांगेचे कायदेशीर स्थान गांजापेक्षा वेगळे आहे, परंतु रेल्वेच्या नियमाला त्या फरकाशी देणेघेणे नाही. होळीची थंडाई पिऊन सिग्नलच्या रंगांचा अंदाज चुकला तर कोणता कायदा लागू होता हे विचारायला कोणी येत नाही.

अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या चेस या गावाजवळ ४ जानेवारी १९८७ रोजी जोडलेली मालवाहू इंजिने सिग्नल ओलांडून प्रवासी गाडीच्या वाटेत आली आणि १६ जण मेले. त्या इंजिनांवरच्या दोघांनी गांजा ओढला होता. त्या अपघाताचा मोठा वाटा असलेल्या वादातून १९९१ मध्ये तेथे वाहतूक कर्मचाऱ्यांच्या नशातपासणीचा कायदा झाला. आपल्याकडेही अपघातानंतर संबंधितांची तपासणी होते, आणि तेव्हा केवळ फुंकून भागत नाही.

६. लॉबीत यंत्रासमोर

साइन ऑन आता क्रू मॅनेजमेंट सिस्टीमच्या संगणकावर होते. ओळख पटवून फुंकल्यावर आकडा थेट यंत्रणेत जातो; हाताने लिहायचे रजिस्टर होते तेव्हाची ‘ॲडजस्टमेंट’ आता नाही, आणि ती करू पाहणारा स्वतःबरोबर क्रू कंट्रोलरलाही अडकवतो. साइन ऑफच्या वेळीही फुंकावे लागते, हे नवे लोक विसरतात.

फुंकण्यापूर्वी पाण्याने चूळ भरा. गेल्या वीस मिनिटांत औषध, माउथवॉश किंवा पान-मसाला तोंडात घेतला असेल तर ते आधी सांगा, शक्य असल्यास लिहून द्या, आणि थोडे थांबून फुंकण्याची विनंती करा. नळी नवी आहे का ते पाहा. तुमच्याऐवजी दुसऱ्याने फुंकणे किंवा तुम्ही दुसऱ्यासाठी फुंकणे ही मैत्री नव्हे. त्यात दोघांच्याही नोकऱ्या जातात.

जवळ काय असावे: ओळखपत्र, सक्षमता प्रमाणपत्र, रेल्वेचे ‘उम्मीद’ वैद्यकीय कार्ड, चालू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि दुकानाची बिले. बिलावरची तारीख पुढे किती उपयोगी पडते हे चौकशीत कळते. औषधाचे रिकामे वेष्टन फेकू नका, त्यावर घटक छापलेले असतात.

७. आकडा आला तर पहिल्या तासात काय करावे

हा भाग तुम्हाला कधी लागू नये, पण वाचून ठेवा. माणूस या क्षणी घाबरतो आणि नेमकी चूक करतो.

लॉबीतून निघून जाऊ नका. पळून जाणे किंवा फुंकायला नकार देणे हे कोणत्याही चौकशीत तुमच्या बाजूने जात नाही. आवाज चढवू नका. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी घेण्याची विनंती लेखी करा आणि दोन्ही वेळांची छापील पट्टी मागा. यंत्राचे कॅलिब्रेशन कधी झाले आहे याची नोंद मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ती तेथल्या तेथे मिळाली नाही तरी मागितल्याचे लिहून ठेवा. रेल्वेच्या डॉक्टरांकडे नेले जाईल तेव्हा, आपण प्यायलेलो नाही अशी खात्री असेल तर रक्ताचा नमुना घ्यावा असा आग्रह धरा. प्यायला असाल तर खोटे सांगू नका. तपासणीच्या अहवालात चाल, बोलणे, डोळ्यांच्या बाहुल्या, वास अशी निरीक्षणे लिहिली जातात आणि खोटा जबाब पुढे दुसरा आरोप होतो.

सगळ्यात मोठी चूक कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करण्याची असते. ज्या प्रकरणांत मी बसलो त्यांतल्या एकात पाचोऱ्याकडच्या एका तरुणाने रात्री अडीच वाजता दुसऱ्याने लिहिलेल्या जबाबावर न वाचता सही केली होती. त्यात ‘मी नेहमी पितो’ असे एक वाक्य होते. आकडा किरकोळ होता. त्या एका वाक्याने प्रकरण जड केले. सही करताना तारीख आणि वेळ घाला, मान्य नसलेला मजकूर असेल तर ‘मान्य नाही’ असे आपल्या हाताने लिहा, आणि प्रत मागा.

पुढची वाट रेल्वे सेवक (शिस्त व अपील) नियम, १९६८, यांप्रमाणे जाते. निलंबन झाले तर एसएफ-१ हा कागद मिळतो. निलंबनात अर्धवेतनी रजेच्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो, मात्र त्यासाठी इतरत्र नोकरी करत नसल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. हे न दिल्यामुळे कित्येकांचे पैसे महिनोन्महिने अडकतात आणि ते कचेरीला दोष देत बसतात. परवानगीशिवाय हेडक्वार्टर सोडू नका.

किरकोळ शिक्षेसाठी एसएफ-११ आणि मोठ्या शिक्षेसाठी एसएफ-५ येते. एसएफ-५ आले की उत्तराला साधारण दहा दिवस असतात. ते रागाने फाडू नका, घ्यायला नकारही देऊ नका. सोबत जोडलेल्या कागदांची यादी पाहा, जे कागद दिले नसतील ते लेखी मागा, आणि डिफेन्स हेल्पर म्हणून नियम माहीत असलेला सहकारी किंवा युनियनचा पदाधिकारी निवडा. भावकीतला वकील घेऊन जाण्याचा मोह होतो. खात्याच्या चौकशीत त्याचा सहसा उपयोग होत नाही, नियम वाचलेला जुना गार्डही जास्त कामाचा.

शिक्षांची नावे सारखी वाटतात पण सारखी नाहीत. सक्तीच्या निवृत्तीत पेन्शनचा काही आधार उरतो. सेवेतून काढून टाकले तर तो सामान्यतः जातो, पण पुढे सरकारी नोकरीला अपात्रता येत नाही. बडतर्फीत सामान्यतः तीही येते. शिक्षेच्या आदेशाविरुद्ध अपील करण्याची मुदत आदेश मिळाल्यापासून ४५ दिवस आहे. ही मुदत दुःखात घालवू नका.

८. सवय लागली आहे असे वाटत असेल तर

सकाळी हात थरथरतात, विश्रांतीचा दिवस ठरवतानाच बाटली डोक्यात येते, घरच्यांशी वेळेबद्दल खोटे बोलावे लागते: यांतले काही होत असेल तर आकडा येण्याची वाट पाहू नका. यंत्राने पकडलेला माणूस आणि स्वतः येऊन सांगणारा माणूस यांच्याकडे व्यवस्था सारख्या नजरेने पाहत नाही. प्रत्येक लोको पायलट एखाद्या लोको इन्स्पेक्टरच्या (चालकांवर देखरेख करणाऱ्याच्या) नावे असतो आणि त्याच्या सवयींची नोंदही तो इन्स्पेक्टर ठेवतो. नवे लोक त्याला लपवण्यासारखा माणूस समजतात. माझा अनुभव असा की योग्य वेळी त्याच्याशी बोललेल्यांचे भलेच झाले. कल्याण निरीक्षक आणि रेल्वे रुग्णालयातले डॉक्टर हे दोन मार्ग त्याशिवाय आहेत. नाव न सांगता आधी नुसते बोलायचे असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी निःशुल्क क्रमांक आहेत. खानदेशात उपचार घेणे संकोचाचे वाटणारे काही जण पुण्याच्या मुक्तांगणमध्ये जातात. ही संस्था १९८६ पासून काम करते आहे.

रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत सोडून देऊन गावी शेतावर जाऊन राहण्याचा निश्चय करू नये. अचानक बंद केल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत घाम, थरथर, आकडी आणि भ्रम होऊ शकतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे काम आहे. बायकोने किंवा आईने औषध जेवणातून लपवून देण्याचा उपाय आपल्या भागात अजून विकला जातो. तो करू देऊ नका.

उपचारासाठी रजा घेताना रेल्वेच्या डॉक्टरांमार्फतच सिक व्हा आणि खासगी केंद्रात दाखल होणार असाल तर तसे आधी कळवा, नाहीतर तोच काळ विनापरवाना गैरहजेरीत मोजला जातो. रुग्णालयात भरती झाल्याचे आणि तेथून सुटी मिळाल्याचे कार्ड, औषधांची यादी, समुपदेशनाच्या भेटींच्या तारखा एका फाइलीत ठेवा. परत येताना रेल्वेच्या डॉक्टरांचे फिट प्रमाणपत्र लागते. सेक्शनवर तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ गेला नसाल तर रोड लर्निंगच्या, म्हणजे मार्गाची ओळख करून घेण्याच्या, फेऱ्या पुन्हा कराव्या लागतात. त्या फेऱ्यांत शेजारी दुसरा लोको पायलट असतो, त्याला तुमच्या उपचारांची माहिती असेल किंवा नसेल. सांगायचे की नाही हे तुम्ही ठरवायचे. औषधे चालू असतील तर ती मात्र लोको इन्स्पेक्टरला सांगूनच इंजिनाच्या फूटप्लेटवर चढा.